‘अ‍ॅज अ रिझल्ट’ : परिणाम दाखविणारा इंग्रजी शब्दप्रयोग आणि त्याचे मराठी रूप

इंग्रजी कार्यालयीन लेखनात वारंवार आढळणाऱ्या शब्दप्रयोगांत ‘अ‍ॅज अ रिझल्ट’ याचा क्रमांक बराच वरचा लागेल. अहवाल असो, टिप्पणी असो, चौकशीचा निष्कर्ष असो की पाठ्यपुस्तकातील उतारा असो, दोन घटना सांगून झाल्या की त्यांच्यामधील सांधा म्हणून हे तीन शब्द येतात. शाळेत त्यांचा अर्थ ‘परिणामी’ असा सांगितला जातो. विद्यार्थी तो पाठ करतो आणि पुढे शिक्षक, लिपिक किंवा सरपंच झाल्यावर, हा सांधा दिसेल तेथे ‘परिणामी’ लिहून मोकळा होतो. सांगितलेला अर्थ चुकीचा नाही. तो अपुरा आहे. इंग्रजीत हा शब्दप्रयोग जी कामे एकट्याने करतो, ती मराठीत निदान सहा-सात शब्दांमध्ये वाटली गेलेली आहेत. त्यांपैकी कोणता शब्द निवडला, यावर पंचनाम्याचा, आदेशाचा आणि प्रसंगी एखाद्या कुटुंबाला मिळावयाच्या साहाय्याचाही निर्णय अवलंबून राहू शकतो.

प्रथम इंग्रजी रचना पाहू. ‘अ‍ॅज अ रिझल्ट’ हे क्रियाविशेषणासारखे वापरले जाते. पहिले विधान पूर्ण होते, पूर्णविराम किंवा अर्धविराम येतो, मग हे शब्द, त्यांच्यापुढे स्वल्पविराम आणि नंतर दुसरे विधान. ‘द बंड ब्रीच्ड; अ‍ॅज अ रिझल्ट, द फील्ड्‌स वेअर फ्लडेड’ म्हणजे बांध फुटला, त्यामुळे शेतांत पाणी शिरले. दोन विधानांमध्ये केवळ स्वल्पविराम देऊन हे शब्द घालणे इंग्रजीत दोष मानला जातो, कारण ते उभयान्वयी अव्यय नाहीत. दोन वाक्ये व्याकरणदृष्ट्या बांधून ठेवण्याची शक्ती त्यांच्यात नाही. त्यांच्यापुढे ‘ऑफ’ आले की मात्र रचना बदलते. ‘अ‍ॅज अ रिझल्ट ऑफ’ यानंतर नाम येते, आणि मराठीत त्याची जागा ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय घेते. ‘विथ द रिझल्ट दॅट’ यानंतर पुन्हा संपूर्ण वाक्य लागते.

विद्यार्थ्यांची खरी गफलत होते ती ‘रिझल्ट’ या क्रियापदाच्या बाबतीत. ‘रिझल्ट इन’ कारणाकडून परिणामाकडे जाते. ‘रिझल्ट फ्रॉम’ परिणामाकडून कारणाकडे मागे येते. निष्काळजीपणाची परिणती अपघातात होते, हे पहिले. अपघात निष्काळजीपणातून उद्भवतो, हे दुसरे. ‘परिणती होणे’, ‘पर्यवसान होणे’ आणि ‘उद्भवणे’ ही क्रियापदे सुरुवातीपासून सोबत शिकविली, तर ‘इन’ आणि ‘फ्रॉम’ यांची अदलाबदल पुष्कळच कमी होईल.

या दोन भाषांतील मूळ शब्दांची घडण पाहण्यासारखी आहे. ‘रिझल्ट’ हा शब्द लॅटिन ‘रेझुल्तारे’ या धातूवरून आला. त्याचा मूळ अर्थ उसळी घेऊन परत येणे. चेंडू भिंतीवर आपटावा आणि तो उलटून यावा, असे हे चित्र आहे. ‘परिणाम’ हा शब्द ‘परि’ आणि ‘नम्’ यांपासून झालेला असून वळणे, रूपांतर होणे, पक्व होणे हा त्याचा भाव आहे. सांख्यदर्शनातील परिणामवादाचे नेहमीचे उदाहरण दुधाचे दही होण्याचे आहे. उसळी तत्काळ येते. दही लागावयास वेळ द्यावा लागतो. जुन्या मराठीत ‘परिणामी’ या शब्दाचा अर्थही ‘शेवटी, अंती’ असाच होता. औषध कडू खरे, परंतु परिणामी हितकर, अशा धर्तीचे वाक्य त्या काळचा वाचक सहज समजला असता. वृत्तपत्रे आणि भाषांतरे यांच्या वापरातून हाच शब्द पुढे ‘अ‍ॅज अ रिझल्ट’चा प्रतिशब्द म्हणून रूढ झाला. तरीही त्याच्या जुन्या अर्थाची सावली पूर्णपणे गेलेली नाही. ‘पाय घसरला, परिणामी तो पडला’ हे वाक्य कानाला खटकते; ‘अनेक वर्षे चराईबंदी पाळली गेली नाही, परिणामी टेकडी उघडी पडली’ हे खटकत नाही. घटना लगोलग घडली असेल तेथे ‘त्यामुळे’ आणि फळ हळूहळू पिकले असेल तेथे ‘परिणामी’, असा विवेक राखल्यास लेखन अधिक नेमके होते. ‘एक परिणाम म्हणून’ हे शब्दशः भाषांतर तर सर्वस्वी टाळावे. मराठीत तसे कोणी बोलत नाही.

‘त्यामुळे’ या शब्दात ‘मूळ’ आहे. परिणामाकडे बोट दाखविण्याऐवजी तो घटनेच्या मुळाकडे बोट दाखवितो. म्हणूनच ‘मुळे’ लिहिणारा मनुष्य एक जबाबदारीचे विधान करीत असतो. ‘अतिवृष्टीत भिंत पडली’ आणि ‘अतिवृष्टीमुळे भिंत पडली’ या दोन वाक्यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. पहिले वाक्य केवळ वेळ सांगते; भिंत आधीच खचलेली असेल, शेजारच्या खोदकामाने हादरलेली असेल, ते वाक्य त्याविषयी मौन पाळते. दुसरे वाक्य कारण सांगते. नैसर्गिक आपत्तीसाठी मिळणारे साहाय्य हानी आपत्तीमुळे झाली या गोष्टीवर आधारलेले असते, हे लक्षात घेता पंचनाम्यात यांपैकी कोणते वाक्य पडले याला किती महत्त्व आहे हे वेगळे सांगावयास नको. पंचांनी पाहिले असेल ते एक, आणि लिहिणाऱ्याने सवयीने लिहिले ते दुसरे, असे झाले तर घरमालकावर किंवा शासनाच्या तिजोरीवर, कोणावर तरी अन्याय होतोच.

कायद्याच्या भाषेने हा भेद फार पूर्वी ओळखलेला आहे. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ यामध्ये कामगाराला झालेली इजा ‘अरायझिंग आउट ऑफ अँड इन द कोर्स ऑफ’ त्याची नोकरी अशा अपघातामुळे झालेली असावी, असा शब्दप्रयोग होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच जोडी कायम राहिली. पहिला अर्धा भाग कार्यकारणाचा आहे, दुसरा काळाचा. अपघात नोकरीतून उद्भवलेला असावा आणि नोकरी चालू असताना घडलेला असावा, अशा दोन्ही अटी येथे एकत्र आहेत. कामावर असताना घडले एवढ्याने भागत नाही. कामाशी त्याचा संबंधही दाखवावा लागतो. या दोन अर्धांना जोडणारा ‘आणि’ हा शब्द किती मोलाचा आहे, हे ज्या कुटुंबाचा कर्ता माणूस कारखान्यात दगावला त्या कुटुंबालाच विचारावे.

मराठीला कार्यकारण सांगण्याची आणखी एक सोय आहे, जिला इंग्रजीत नेमका जोड नाही. ती म्हणजे ‘ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधित. वीज पडून मृत्यू, पाण्यात बुडून मृत्यू, पाय घसरून पडणे, भिंत कोसळून जखमी होणे, या रचनांत कोणताही सांधा नसताना कारण आपोआप कळते. इंग्रजीतील ‘डाइड अ‍ॅज अ रिझल्ट ऑफ ड्राउनिंग’ याचे ‘बुडण्याच्या परिणामी मरण पावला’ असे भाषांतर करणे म्हणजे सरळ वाट सोडून काट्यांत शिरणे होय. मात्र या सोयीला एक अडचणही जोडलेली आहे. ‘ऊन’ हा प्रत्यय कारण सांगतो तसा नुसता क्रमही सांगतो. ‘जेवून गेला’ यात जेवण हे जाण्याचे कारण नव्हे. ‘विहिरीत पडून मृत्यू’ असे लिहिले असता पडल्यामुळे मृत्यू झाला असाच अर्थ वाचक घेतो. परंतु मनुष्य आधी भोवळ येऊन किंवा अन्य कारणाने गतप्राण झाला आणि नंतर विहिरीत पडला, असेही असू शकते. शवचिकित्सेचा अभिप्राय येईपर्यंत ‘विहिरीत मृतदेह आढळला’ इतकेच लिहिणे योग्य.

‘म्हणून’ या शब्दाकडे आता वळले पाहिजे, कारण परिणाम दाखविणाऱ्या मराठी शब्दांत तो सर्वांत बोलका आणि सर्वांत फसवा आहे. शालेय व्याकरणात त्याची नोंद दोन ठिकाणी येते. परिणामबोधक उभयान्वयी अव्ययांत ‘म्हणून, सबब, यास्तव, तेव्हा, तस्मात’ असा गट असतो. उद्देशबोधकांतही ‘म्हणून’ पुन्हा हजर असतो. विद्यार्थी गोंधळतो आणि शिक्षक दोन उदाहरणे देऊन पुढे जातात. या दुहेरीपणाचे कारण शब्दाच्या जन्मातच आहे. ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’ या धातूचे रूप आहे. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली’ याचा मूळ अर्थ, ‘पाऊस येईल’ असे मनाशी म्हणून छत्री घेतली. पाऊस आला की नाही याविषयी वाक्य काहीच सांगत नाही. ते सांगते करणाऱ्याच्या मनातले. कन्नडमधील ‘एंदु’ आणि तेलुगूमधील ‘अनि’ हेही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंपासून झालेले शब्द असून हेतू आणि कारण सांगण्यासाठी वापरले जातात. शेजारच्या भाषांशी मराठीचा असलेला हा घरोबा व्याकरणाच्या वर्गात अवश्य दाखवावा असा आहे.

इंग्रजीतील ‘सो दॅट’ याचीही अशीच दोन तोंडे आहेत. ‘ही वर्क्ड हार्ड सो दॅट ही माइट पास’ हा हेतू झाला; ‘ही वर्क्ड हार्ड, सो दॅट ही पास्ड’ हा परिणाम झाला. इंग्रजी हा फरक ‘माइट’, ‘कुड’, ‘वुड’ अशा साहाय्यक क्रियापदांनी आणि पुष्कळदा एका स्वल्पविरामाने दाखविते. मराठीत हेतूसाठी ‘उत्तीर्ण व्हावा म्हणून’ असे विध्यर्थी रूप येते आणि परिणामासाठी वाक्यांची दिशाच बदलते: ‘त्याने कष्ट केले, म्हणून तो उत्तीर्ण झाला.’ परिणाम प्रमाणावर अवलंबून असेल तर ‘इतका… की’ ही रचना सर्वांत नैसर्गिक: इतका पाऊस झाला की नाल्याने पात्र सोडले. अलीकडे फार वापरात असलेला ‘जेणेकरून’ हा शब्द हेतू आणि परिणाम या दोहोंना एकाच पोत्यात भरतो. ‘रस्ता उंच करण्यात आला, जेणेकरून पाणी वस्तीत शिरले’ अशी वाक्ये लिहिली जातात आणि वाचणाऱ्याला क्षणभर वाटते की, पाणी वस्तीत शिरावे हाच रस्त्याचा उद्देश होता. येथे ‘त्यामुळे’ हवे होते.

शासकीय आदेशांतील ‘सबब’ या शब्दाची कथा निराळीच आहे. अरबीत ‘सबब’ म्हणजे कारण. फार्सीच्या वाटेने तो मराठी दप्तरात आला आणि पेशवेकालीन पत्रव्यवहारात चांगलाच रुळला. बोलीत त्याचा अर्थ घसरत ‘खोटे कारण, बहाणा’ असा झाला. ‘सबबी सांगू नकोस’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. दप्तरात मात्र तोच शब्द ‘यास्तव, या कारणाने’ या अर्थाने स्थिर राहिला: ‘सबब, असा आदेश देण्यात येतो की’. कारण हा अर्थ असलेला शब्द परिणामाच्या तोंडी जाऊन बसला आणि त्याच वेळी बहाण्याचाही वाचक झाला. शिवकाळात रघुनाथपंडितांच्या राज्यव्यवहारकोशाने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने प्रशासनासाठी परिभाषा घडविली, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले. ‘सबब’ मात्र दप्तरात आपली जागा धरून आहे. त्याच्या जागी ‘परिणामी’ घालून चालणार नाही. आदेश हा घटनेचा आपसूक घडलेला परिणाम नसतो. कारणे विचारात घेऊन कोणा अधिकाऱ्याने केलेले ते कृत्य असते. ‘अर्जदाराने कागदपत्रे सादर केली नाहीत, परिणामी अर्ज फेटाळण्यात आला’ असे लिहिले म्हणजे अर्ज जणू आपोआप फेटाळला गेला असे भासते. ‘सबब’ किंवा ‘म्हणून’ लिहिले म्हणजे निर्णय घेणारा कोणीतरी होता, हे कबूल केल्यासारखे होते.

अधिसूचनांतील ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ ही जोडी याहून वेगळी. ती इंग्रजीतील ‘व्हेअरअ‍ॅज… नाउ, देअरफोर’ या रचनेसाठी योजली जाते, आणि तिच्यात अनुमानाचा भाव आहे. ‘ज्याअर्थी दाराला कुलूप आहे, त्याअर्थी घरात कोणी नाही’ हे शुद्ध मराठी झाले. ‘दाराला कुलूप आहे, परिणामी घरात कोणी नाही’ हे तर्कदृष्ट्या चूक आहे, कारण कुलपाने माणसे बाहेर गेलेली नाहीत. माणसे बाहेर गेली म्हणून कुलूप लागले. इंग्रजीतही येथे ‘देअरफोर’ चालते, ‘अ‍ॅज अ रिझल्ट’ चालत नाही. घडलेल्या गोष्टीचा परिणाम आणि दिसलेल्या खुणेवरून काढलेले अनुमान, हा फरक चौकशी अहवाल लिहिणाऱ्याने तरी विसरू नये. रोख पुस्तकात खाडाखोड आढळली यावरून अपहाराचे अनुमान काढता येईल किंवा येणार नाही. परंतु खाडाखोडीच्या परिणामी अपहार झाला असे म्हणणे हा सर्वस्वी निराळा आरोप आहे.

कारण कोणते आणि केवळ निमित्त कोणते, हा प्रश्न महाराष्ट्रापुढे एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ महत्तेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, हजारो लोक बेघर झाले. दख्खनचे पठार तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जात असे. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर या भागात लहान धक्के जाणवू लागले होते, त्यामुळे भूकंप धरणाच्या परिणामी झाला काय, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. भूशास्त्रज्ञांत त्यावर दीर्घ काळ चर्चा झाली. आज कोयनेचा भूकंप हे जलाशयाशी निगडित भूकंपांचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मानले जाते. परंतु शास्त्रज्ञांनी त्यासाठी योजलेला शब्द पाहावा. अनेकांनी ‘कॉज्ड’ म्हणण्याचे टाळून ‘ट्रिगर्ड’ असे म्हणणे पसंत केले. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. चाप ओढला म्हणून गोळी सुटते, परंतु गोळीला वेग देणारी दारू आधीपासून आत भरलेली असते. त्याचप्रमाणे भूकवचातील ताण आधीपासून साठलेला होता. जलाशयाच्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी तो मोकळा होण्यास वाट दिली.

मराठीला येथे अडण्याचे कारण नाही. ‘निमित्त’ हा शब्द तिच्या घरातलाच आहे. म्हातारा मनुष्य पडण्याचे निमित्त होऊन गेला, असे म्हणताना खेड्यातील निरक्षर माणूसही वयाचे कारण आणि पडण्याचे निमित्त यांत भेद करीतच असतो. जलाशय निमित्त झाला, असे म्हटले म्हणजे शास्त्रीय अर्थ बराचसा सुरक्षित राहतो. धरणामुळे भूकंप झाला, असे म्हटले म्हणजे अर्धा हरवतो. आणि धरणाचा काही संबंध नाही, असे म्हटले म्हणजे सगळाच हरवतो. अर्थात निमित्त हे किरकोळ असते असे नव्हे. जलाशयातील पाण्याची पातळी कशी आणि किती वेगाने बदलते याकडे अभ्यासकांनी आजवर लक्ष ठेवले आहे, ते याच निमित्ताचे महत्त्व जाणून.

विकासाच्या अहवालांत नेमका उलटा प्रकार होतो. तेथे निमित्तही नसलेल्या गोष्टीला कारण ठरविले जाते. ‘गावात नळपाणी योजना सुरू झाली, परिणामी शाळेतील मुलींची उपस्थिती वाढली’ असे वाक्य अहवालात शोभून दिसते. ते खरेही असू शकेल. पाण्यासाठी होणारी पायपीट थांबली की मुलींना शाळेत जावयास वेळ मिळतो, हा संबंध समजण्याजोगा आहे. परंतु त्याच वर्षी शाळेत नवी शिक्षिका आली असेल, रस्ता झाला असेल, किंवा मागच्या वर्षीची उपस्थिती गोवराच्या साथीने खाली गेलेली असेल. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, ही म्हण मराठी माणूस रोज वापरतो. संस्कृत पंडितांनी याला काकतालीय न्याय असे नावही दिले. अहवाल लिहितानाच ती म्हण कशी विसरली जाते, हे एक आश्चर्यच आहे. माहिती अपुरी असेल तर ‘योजना सुरू झाल्यानंतर उपस्थिती वाढली’ असे लिहावे. ‘नंतर’ हा शब्द ‘परिणामी’ इतका भारदस्त नाही, पण वाचणाऱ्या सदस्याला पुढचा प्रश्न विचारण्यास तो जागा ठेवतो.

आणखी एक खोड नोंदविण्यासारखी आहे. ‘निधी वेळेत प्राप्त झाला नाही, परिणामी काम अपूर्ण राहिले’ हे वाक्य ग्रामसभेच्या टाचणांत पुष्कळदा आढळते. व्याकरणदृष्ट्या त्यात दोष नाही. कारण आहे, परिणाम आहे, दोहोंमध्ये सांधाही आहे. त्यात माणूस मात्र कोठेच नाही. निधी कोणाकडे मागितला, मागणी केव्हा पाठविली, उपयोगिता प्रमाणपत्र जोडले होते काय, यांपैकी एकाचेही उत्तर वाक्यात मिळत नाही, आणि ‘परिणामी’ या शब्दामुळे ते विचारण्याची गरजही भासेनाशी होते. हेच वाक्य असे लिहून पाहावे: ‘पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र पंचायतीने पाठविले नव्हते, म्हणून जिल्हा परिषदेने दुसरा हप्ता दिला नाही, त्यामुळे गटाराचे काम शाळेपाशी थांबले.’ येथे ‘म्हणून’ जिल्हा परिषदेच्या निर्णयाला लागले आहे आणि ‘त्यामुळे’ गटाराच्या कामाला. वाक्य लांबले हे खरे, परंतु पुढच्या सभेपूर्वी कोणता कागद कोणी पाठवावयाचा, हे ऐकणाऱ्या प्रत्येक सदस्याला समजते.